नेवेनाच्या खोलीतला कोबी

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झ्लातकाने बाल्कनीतल्या पिंपाचं झाकण उचललं, वास घेतला आणि झाकण पुन्हा होतं तसं ठेवून दिलं. मग ती स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली. तिचा नवरा मेतोदी क्रायचेव तेव्हा नुसत्या बनियनवर नाश्ता करत होता. डिसेंबरात बनियनवर बसता येतं याचं त्याला इतकं अप्रूप होतं की तो मुद्दाम दंड उघडे टाकून बसायचा.

"गेला," झ्लातका म्हणाली.

मेतोदीचा घास हातातच राहिला. त्यांच्या वयाला हा शब्द कानावर पडला की आधी इमारतीतले सगळे म्हातारे डोळ्यांपुढून जातात.

"कोण गेला?"

"कोबी. बुळबुळीत झालाय. बोट लावलं की पान बोटाबरोबर येतं."

"सगळाच?"

"नाही, दोन गड्डे तुझ्या नावाने वाचवून ठेवलेत देवाने. सगळाच म्हणजे सगळाच, मेतोदी."

आमच्या व्रात्सा गावात नोव्हेंबरात ज्या घरात कोबीचं पिंप भरलं जात नाही, त्या घरात कुणीतरी आजारी असणार असं शेजारीपाजारी धरून चालतात. त्यात विशेष काही करायचं नसतं. अख्खे गड्डे पिंपात रचायचे, वर मिठाचं पाणी ओतायचं, आणि अधूनमधून खालच्या तोटीने ते पाणी काढून पुन्हा वरून घालायचं. बाकीचं काम थंडी करते. झ्लातकाच्या बाल्कनीत ती आजवर बिनबोभाट करत आली होती. यंदा मात्र बाल्कनीला दुहेरी काचा लागल्या होत्या, भिंतीवर बाहेरून वीतभर जाडीचा थर्माकोल बसला होता आणि थंडी बिचारी बाहेरच राहिली होती.

हे सगळं मेतोदीने घडवून आणलं होतं, आणि तेही कोबीचं वाईट चिंतून नव्हे, लेकीच्या ओढीने.

नेवेना ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन आल्बेर्तोबरोबर स्पेनला, व्हॅलेन्सियाला गेली. दर जुलैला न चुकता यायची. नाताळला मात्र कधी नाही. "बाबा, आपलं घर किती गार असतं हिवाळ्यात. क्लाराला नाही सोसायचं," असं ती फोनवर म्हणायची. क्लारा म्हणजे तिची मुलगी. मेतोदी फोन ठेवायचा आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलावरच्या दोनच ताटांकडे बघत राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, जरा जास्तच घ्यायचा. नातीने इथला बर्फ कधी पाहिलेला नाही, हे त्याला फार लागायचं.

त्याची आई गाब्रोवोची. दार लवकर मिटावं, घरातली ऊब वाया जाऊ नये, म्हणून तिथले लोक मांजराची शेपटीसुद्धा कापतात अशी सगळ्या देशात त्यांची ख्याती. तेव्हा सरकारने जुन्या इमारती फुकटात उबदार करून द्यायची योजना काढली, त्या दिवशी मेतोदीच्या अंगातलं गाब्रोवो खडबडून जागं झालं. अट एकच होती. इमारतीतल्या झाडून सगळ्या घरमालकांनी सही करायची.

या अटीवर तीन वर्षं गेली. तिसऱ्या मजल्यावरची पेनाकाकू म्हणाली, "फुकटचं चीज उंदराच्या पिंजऱ्यातच मिळतं रे मेतोदी. आज भिंतीला थर्माकोल लावतील आणि उद्या म्हणतील, भिंत आमची." चौथ्या मजल्यावरचा रांगेल म्हणाला, पेनाकाकूने सही केली तर माझी काही हरकत नाही. त्यावर पेनाकाकू म्हणाली, रांगेल करणार असेल तर मी मुळीच करणार नाही. मेतोदीने पेनाकाकूचा नळ दुरुस्त केला, तिच्या हातचा लिंडनच्या फुलांचा फिक्कट चहा हिवाळाभर प्यायला, रांगेलच्या तिन्ही पोरांच्या सायकली नीट करून दिल्या. असं करत एकेक सही मिळाली. शेवटी एकच उरली, ती त्याच्या स्वतःच्या घरात.

"आणि माझ्या कोबीचं काय?" झ्लातकाने पेन हातात धरून विचारलं होतं.

"अगं, सरकार खिडक्या देतंय, भिंती देतंय, आणि तू कोबी काय घेऊन बसलीस?"

झ्लातकाने सही केली. हे वाक्य आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं आता बनियनवर बसलेल्या मेतोदीला मनापासून वाटलं.

काम पुरं झाल्यापासून तो रोज सकाळी भिंतीवरच्या थर्मामीटरचा फोटो काढून व्हॅलेन्सियाला पाठवत होता. तेवीस अंश. चोवीस अंश. तिकडून बरेच दिवस काही उत्तर नव्हतं. मग एके दिवशी नेवेनाचा फोन आला. चोवीस तारखेला ती आणि क्लारा येणार होत्या, आणि आईला तिने एकच मागणं केलं होतं. "आई, सारमी करशील ना? आपल्या पिंपातल्या कोबीच्या पानांत भात गुंडाळून?"

"बाजारात मिळतो की आंबवलेला," मेतोदी आता हळूच म्हणाला.

"मिळतो. आणि पोरगी आयुष्यात पहिल्यांदा लेकीला घेऊन नाताळला येतेय, तिच्या पुढ्यात मी बाजारचा कोबी ठेवू?"

मेतोदीने बनियनवर स्वेटर चढवला. थंडी वाजत नव्हती, पण उघड्या दंडांनी हे बोलणं ऐकणं त्याला जड जाऊ लागलं होतं.

तेवढ्यात वरून पेनाकाकूचा आवाज आला. नव्या खिडक्यांतून बाहेरचा आवाज आत येत नाही असं कंत्राटदाराने छातीठोक सांगितलं होतं, पण त्याने पेनाकाकूला ऐकलेलं नव्हतं. अर्ध्या तासात सगळा जिना मेतोदीच्या दारात. ज्यांचं गावाकडे तळघर होतं त्यांची पिंपं शाबूत होती, ती मंडळी नुसती मजा बघायला आली होती. बाकीच्या सगळ्यांचा कोबी नासला होता.

"तू आमच्याकडून सह्या घेतल्यास," पेनाकाकू म्हणाली. "आता आमचा कोबीही तूच बघ."

"काकू, सरकारी कागदात कोबीचं कुठेच काही नव्हतं."

"मग ते वाचलं तेव्हा तुला कळायला नको होतं?"

एक गोष्ट बरी होती. नाताळला अजून तीन आठवडे होते. त्याच दिवशी रांगेलच्या गाडीतून बाजारातून नवे गड्डे आले आणि नवी पिंपं भरली गेली. तीन आठवड्यांत कोबी जेमतेम आंबतो, पण आंबतो. प्रश्न उरला तो गारव्याचा. तळघरातून गरम पाण्याचे पाइप जात होते, तिथे कोबी आंबला नसता, शिजला असता. अंगणात उणे दहा, तिथे पिंपात बर्फच झाला असता. राहता राहिला जिना. जिन्याच्या टप्प्यांवर पिंपं मांडायची, जिन्याच्या खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या आणि खालचं मोठं दार मिटू नये म्हणून त्याला एक वीट लावायची, असं ठरलं.

कोबी सुखावला. माणसांचं मात्र अवघड झालं. जिन्यातला वारा दारांच्या फटींतून घरात शिरायला लागला. मेतोदीचं घर पहिल्या मजल्यावर, विटेच्या डोक्यावरच. आठवड्याभरात त्याचा थर्मामीटर सतरावर आला. पूर्वी, थर्माकोलच्या आधी, डिसेंबरात अठरा असायचे. व्हॅलेन्सियाला पाठवायला त्याने जुनेच फोटो शोधून काढले आणि तेच पुन्हा पुन्हा पाठवले. मन खात होतं, पण पाठवले.

आणि नेमकी याच वेळी सरकारी इंजिनिअरबाई तपासणीला आली. तिच्या हातात एक कॅमेरा होता. इमारतीची ऊब कुठून बाहेर सांडते ते त्यात लाल दिसतं म्हणे. तिने खालूनच कॅमेरा लावला आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

"ही वीट कुणाची?" तिने विचारलं.

"सगळ्यांची," मेतोदी म्हणाला. जिन्यावरच्या सगळ्या घरांचा प्रमुख म्हणून तोच पुढे झाला होता.

"आणि ही पिंपं?"

"तीही."

"जिन्याच्या खिडक्या उघड्या का आहेत?"

मेतोदीला खरं बोलायची सवय होती आणि ती अशाच वेळी नडते. "कोबीला गारवा लागतो, मॅडम."

"सरकारने एवढा खटाटोप करून ही इमारत गरम केली, ती कुणासाठी?"

"माणसांसाठी."

"मग?"

"मग कोबी राहिला."

इंजिनिअरबाईने सुस्कारा टाकला. "माझ्या आईने याच कारणापायी अजून सही केलेली नाही," ती म्हणाली, आणि तेवढ्यापुरती माणसात आली. पण लगेच तिने पिशवीतून शिक्क्याच्या कागदी पट्ट्या काढल्या आणि जिन्याची एकेक खिडकी मिटून त्यावर चिकटवल्या. तेवीस तारखेला ती मोजणीला येणार होती. तोवर एकही पट्टी तुटली, तर इमारत नापास. वीट तिने स्वतः उचलून बाहेर ठेवली.

ती गेल्यावर झ्लातका घरात आली आणि नेवेनाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. ही खोली मेतोदीने स्वतः रंगवली होती. नवे पडदे, क्लारासाठी घुबडांची चित्रं असलेली चादर, रेडिएटर पुरता उघडा. अख्ख्या घरात खरी ऊब फक्त तिथे होती, कारण तिचं दार तो दिवसभर मिटलेलं ठेवायचा.

"ही खोली उत्तरेची आहे," झ्लातका म्हणाली.

"नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"उत्तरेची म्हणालीस."

"मग नाहीये का ती उत्तरेची?"

सारमी हवी होती नेवेनाला. खोलीही नेवेनाचीच होती. ऊब द्यावी तर सारमी जाते, सारमी द्यावी तर ऊब जाते, आणि दोन्हींचं वचन त्याने दिलेलं. त्याने बोटांवर हिशोब केला. तेवीसला मोजणी. ती झाली की पट्ट्या निघतील, पिंपं जिन्यात जातील, खिडकी मिटायची, रेडिएटर उघडायचा, चोवीसला पोरगी येईपर्यंत खोली पहिल्यासारखी. फक्त काही दिवसांचा तर प्रश्न होता. त्याने घुबडांची चादर घडी करून कपाटात ठेवली, रेडिएटर बंद केला आणि खिडकी उघडली. आपण काय करतोय हे त्याला नीट कळत होतं, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं नाही.

क्रायचेवांचं पिंप आत गेलेलं पेनाकाकूला कुणी सांगितलं नव्हतं. तिला सांगावं लागत नाही. संध्याकाळी ती दारात, मागे रांगेल, रांगेलच्या मिठीत तिचं पिंप.

"माझं घर दक्षिणेचं, दिवसभर तापतं," ती म्हणाली. "आणि याच्या घरात तीन पोरं. खिडकी उघडली की खाली पडतील."

"काकू, ही माझ्या मुलीची खोली आहे."

"कधी येतेय?"

"चोवीसला."

"मग आत्ता तर रिकामीच आहे की. प्रमुख आहेस ना जिन्याचा? प्रमुखासारखा वाग."

तिच्यामागून रांगेलचं आलं, मग आणखी दोन. पलंग भिंतीला उभा करावा लागला. रोज कुणी ना कुणी पाणी फिरवायला यायचं, तोटीखाली तपेली लावायचं, गप्पा मारायचं, जाताना खोलीचं दार उघडं टाकून जायचं. मेतोदी घरात कोट घालून बसू लागला. तीन वर्षं दारोदार हिंडून आपण काय मिळवलं, असा विचार मनात आला की तो उठून ते दार मिटून यायचा.

तेवीस तारखेला तो सकाळपासून इंजिनिअरबाईची वाट बघत होता. दुपारी त्याने कचेरीत फोन लावला.

"मॅडम रजेवर गेल्या," तिकडून कुणीतरी म्हणालं. "नाताळ आहे ना. आता नव्या वर्षातच."

"आणि पट्ट्या?"

"पट्ट्या राहू द्या तशाच. शुभ नाताळ."

मेतोदीने फोन खाली ठेवला. झ्लातकाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाहेरच्या खोलीतला सोफा झटकायला घेतला. इतक्या वर्षांत ती त्याच्यावर चिडली नाही असे प्रसंग थोडे, आणि त्यातला प्रत्येक त्याला चिडण्यापेक्षा कठीण गेला होता.

चोवीसला नेवेना आली तेव्हा घराचं दार उघडंच होतं. आत चार शेजारी कोट-टोप्या घालून उभे, प्रत्येकाच्या काखेत ठिबकणारा कोबीचा गड्डा. सगळ्यांनाच संध्याकाळच्या सारमीसाठी पानं हवी होती. मेतोदीने मनाशी कितीदा तरी रंगवलं होतं की लेक दारात येईल, कोट काढेल आणि म्हणेल, बाबा, काय छान ऊब आहे. नेवेनाने कोटाचं वरचं बटण उघडलं, आत पाऊल टाकलं आणि बटण पुन्हा लावलं.

क्लारा थेट आईच्या खोलीच्या दाराशी गेली. आत पाच पिंपं, उघडी खिडकी, खिडकीच्या कडेवर बर्फ.

"आजोबा, इथे कोण राहतं?"

"कोबी," मेतोदी म्हणाला.

"त्याला थंडी नाही वाजत?"

"त्याला आवडते थंडी."

क्लाराने थोडा विचार केला. "मग आम्ही कुठे राहायचं?"

मेतोदीला तिच्याकडे बघवेना. "बाहेरच्या खोलीत राहाल हं तुम्ही, बाळा," झ्लातका पुढे होऊन म्हणाली. "तिथे सोफा उघडतो. आजोबा आणि मी स्वयंपाकघरात."

जेवायला सगळी कोटातच बसली. टेबलावर त्या दिवशीच्या उपवासाचं बिनमांसाचं सगळं होतं, राजमा, भरलेल्या मिरच्या, भोपळ्याचे रोल, आणि मधोमध सारमीचं वाफाळतं पातेलं. झ्लातकाने स्वतःच्या ताटाला हातही लावला नाही. नेवेनाने पहिली सारमी चमच्याने कापली, तोंडात घातली आणि चावायची थांबली. मग म्हणाली, "अशीच. अगदी अशीच असायची." झ्लातकाने पटकन उठून गॅसकडे तोंड केलं. तिथे तिला काहीही काम नव्हतं.

जेवण झाल्यावर पाणी फिरवायला मेतोदी खोलीत गेला. मागोमाग नेवेना आली आणि तपेलं धरून उभी राहिली. लहानपणी हे काम तिचंच असायचं.

"चुकलं गं माझं," मेतोदी म्हणाला. "तुझ्यासाठी म्हणून केलं आणि तुझीच खोली गेली. पुढच्या वर्षापर्यंत काढतो काहीतरी मार्ग. तळघरात एक गार कोठी करून घेतो. सरकारची त्याला काही योजना असेल तर बघतो. तू मात्र ये. पुन्हा म्हणू नकोस घर गार आहे म्हणून."

नेवेनाने तपेलं खाली ठेवलं.

"बाबा, आम्ही थंडीमुळे नव्हतो येत."

मेतोदीने तोटी बंद केली.

"पहिल्या वर्षी मला रजा मिळाली नव्हती," ती म्हणाली. "खरं सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्या साहेबाला फोन केला असता."

"केला असता," मेतोदीने मान्य केलं.

"मग पुढे दरवर्षी आल्बेर्तोच्या आईकडे. त्यांच्याकडे सगळं घर जमतं, नाही म्हणता येत नाही. यंदा तो एकटा गेलाय, माझ्या सासूबाई रुसल्यात. तुम्हाला सांगितलं असतं की मी तिकडे जाते, तर तुम्ही मनाला लावून घेतलं असतं. थंडी सोपी पडली. थंडीचा कुणाला राग येत नाही."

"मग यंदा कशी आलीस?"

"तुम्ही रोज थर्मामीटरचे फोटो पाठवत होतात. मी काय सांगणार होते?"

मेतोदीने पिंपाच्या काठावर हात टेकले. पेनाकाकूला विचारायला तो हिवाळाभर जात होता. रांगेलला विचारलं, ज्यांनी तोंडावर दार लावलं त्यांनाही तीन-तीनदा विचारलं. सगळ्या इमारतीला विचारून झालं आणि हिला विचारायचं तेवढं राहिलं.

"पुढच्या वर्षी?" त्याने आता विचारलं.

"पुढच्या वर्षी तिकडेच, बाबा. शब्द दिलाय. पण जुलैला येतोच की आम्ही."

"हो. जुलैला येताच," मेतोदी म्हणाला. मग दोघांनी मिळून राहिलेलं पाणी वरून ओतलं. सकाळी क्लाराने त्याच्याबरोबर अंगणात बर्फाचा बाहुला केला आणि त्याच्या डोक्यावर कोबीची पानं बसवली. मेतोदीने त्याचे खूप फोटो काढले, पण ते कुणाला पाठवायचे हे त्याला सुचेना, कारण ज्यांना पाठवायचे ती माणसं घरातच होती.

दोघी गेल्या. नव्या वर्षात इंजिनिअरबाई आली, पट्ट्या न तुटलेल्या पाहून खूश झाली, आणि इमारत उत्तम म्हणून पास झाली. उरलासुरला कोबी लोकांनी आपापल्या घरी नेऊन संपवला. मेतोदीने नेवेनाच्या खोलीची खिडकी मिटली, पलंग आडवा केला, घुबडांची चादर घातली आणि रेडिएटर उघडला. संध्याकाळपर्यंत थर्मामीटर चोवीसवर गेला. त्याने सवयीने फोन काढला आणि परत खिशात ठेवला.

जिन्यात पेनाकाकू भेटली. हातात बाजाराची पिशवी, धाप लागलेली.

"गेली का रे पोरगी? आता पुढच्या नाताळला येईल ना? आता तर घर छान गरम झालंय."

"नाही जमायचं तिला, काकू."

"का?"

मेतोदीने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्याबरोबर एकेक पायरी चढू लागला. तिसऱ्या मजल्यावर पिशवी दाराशी ठेवताना म्हणाला, "तिला इथे फार उकडतं म्हणते."

पेनाकाकूने समजूतदारपणे मान डोलावली.

"बघ," ती म्हणाली. "मी सही करतानाच तुला सांगितलं होतं."